मोबाईलमधलं कुलूप

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डीलरने दिलेली ही डायरी महिनाभर दुकानात पंख्याखाली फडफडत पडली होती. आज तिला कामाला लावतो, कारण डोकं तापलंय आणि मोटारींचं रडगाणं घरात आणायचं नाही असं बायकोने, मलिकाने, बजावलंय.

सकाळपासून सतरा फोन आले. सगळ्यांचं एकच, "मिस्त्री, मोबाईलमधली बटणं कुठं गेली?" कंपनीने ॲप बदललं. आधी ॲप उघडलं की दोन बटणं दिसायची, वर हिरवं, खाली लाल, दोन्ही भाकरीएवढी. हिरवं दाबलं की विहिरीवरची मोटार चालू, लाल दाबलं की बंद. ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा घरी ओट्यावर बसून कांद्याला पाणी सोडायचा. आता तिथे एकच निळा गोल आहे आणि त्यात लिहिलंय 'मोटर सुरू'. म्हणजे मोटार सुरू आहे असं ते सांगतंय, की दाबलं तर सुरू होईल म्हणतंय? तीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग भरतोय मी, मला कळेना. नगरला शिकणाऱ्या लेकीला, अफ्रीनला फोन केला. ती म्हणाली, "अब्बा, गडद निळा असेल तर चालू, फिका असेल तर बंद." म्हटलं, दुपारच्या उन्हात बांधावर उभी राहून गडद आणि फिका ओळखून दाखव. ती हसायला लागली.

मिरजगावच्या आसपास आणि पार खर्ड्यापर्यंत मी असे त्रेचाळीस मोबाईल स्टार्टर बसवलेत. त्रेचाळीस घरांत आज माझ्या नावाने शिमगा चाललाय.

५ फेब्रुवारी

कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. मुलगी गोड बोलते. म्हणाली, "सर, नवीन डिझाईन युजरला जास्त सोपं आहे." म्हटलं, युजर माझ्यासमोर बसलाय आणि रडायच्या बेतात आहे. ती म्हणाली, तुमचा अभिप्राय नोंदवलाय.

समोर खरं तर कल्याण बसला होता, शेंगदाणे खात. तो काही रडत नव्हता. कल्याण अठरा वर्षं माझ्याबरोबर आहे. मी वर, तो खाली. विहिरीतल्या मोटारीची जाळी गाळाने बसली किंवा पाईप निसटला की दोर धरून उतरणारा तो. त्याच्याइतका कमी बोलणारा माणूस कर्जत तालुक्यात नसेल.

आणखी एक चीड आणणारी गोष्ट आज लक्षात आली. आधी माझ्या मोबाईलवरून मला सगळ्यांच्या मोटारी दिसायच्या आणि अडीअडचणीला बंदही करता यायच्या. आता नुसत्या दिसतात. बंद करायला गेलो तर 'आपणास परवानगी नाही'. मोटारी मी बसवल्या आणि परवानगी मलाच नाही.

११ फेब्रुवारी

दहा दिवसांत आज पहिली चांगली गोष्ट सापडली.

विहिरीत उतरायचं असेल तर आमच्या वडिलांचा, सत्तार मिस्त्रींचा, एक कायदा होता. स्टार्टरच्या पेटीतून मोटारीकडे जाणारे तिन्ही फ्यूज काढायचे आणि जो खाली उतरणार त्याच्याच जवळ द्यायचे. वरच्या माणसाकडे नाही, मालकाकडे तर नाहीच. कल्याणच्या गळ्यात त्यासाठी रेक्झिनची पिशवी असते, माझ्या आईने शिवून दिलेली. फ्यूज तिच्यात असले की वर कुणी काहीही दाबो, वीज येवो की जावो, मोटार फिरणार नाही. पण या नव्या पेट्यांना कंपनी कागदी सील लावते. सील फाटलं की वॉरंटी गेली. मी ब्लेडने सील हळूच सोडवून काम झाल्यावर फेविकॉलने चिकटवायचो, तर गेल्या महिन्यात कंपनीच्या माणसाने ते पकडलं आणि चार लोकांदेखत माझी इज्जत काढली.

आज ॲपमध्ये शोधता शोधता 'देखभाल' नावाचं पान सापडलं. तिथे कुलपाचं चित्र आहे. ते दाबलं की कुलूप बंद, मग कुठूनही मोटार चालू होत नाही. दाबल्यावर एक लांबलचक चौकट आली, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी, तीस मिनिटं का कायतरी. खाली 'ठीक आहे' होतं, ते दाबलं. मग मोटार चालू करायचा प्रयत्न केला, वीज पाडून परत आणून पाहिली. ढिम्म. दहा मिनिटं खटपट केली, पण मोटार हलली नाही. एवढ्या दिवसांत प्रथमच त्या कंपनीला मनातून शाबासकी दिली.

कल्याणला दाखवलं. म्हणाला, "बरं हाय. पन फ्यूज कुठं राहनार?"

"पेटीतच."

"मंग माझ्याजवळ काय?"

म्हटलं, मोबाईल माझ्या हातात आहे ना, अठरा वर्षांत कधी सोडलंय तुला? तो गळ्यातली पिशवी चाचपून शेंगदाणे खात बसला. मला जरा रागच आला त्याचा.

२२ फेब्रुवारी

सगळ्या गिऱ्हाइकांना कुलपाचं शिकवायचं काम चालू आहे. व्हॉट्सॲपवर माझ्या आवाजात सूचना पाठवल्या आणि जमेल तिथे स्वतः गेलो. आज खर्ड्याला रंभाजींच्या मळ्यात होतो. जायला दीड तास लागतो, पण त्यांची लेक आमच्या गल्लीत दिलेली आहे, त्या ओळखीने ते माझ्याकडूनच सगळं घेतात. माणूस त्रेसष्ट वर्षांचा, पण विहिरीत अजून सूर मारतो.

नेहमी जाळी धुवायला ते मला आणि कल्याणला बोलवायचे. कुलूप दाखवल्यावर म्हणाले, "आता तुमची गरज न्हाई, मिस्त्री. म्या आन ही, दोघंच उरकू. तुमी आपले बिर्याणी खात बसा."

लंकाबाई, त्यांची बायको, मात्र मोबाईलकडे विंचू बघावा तशी बघत होती. "मला त्यातलं काय कळत न्हाई. माझ्या हातनं काय झालं म्हंजी?"

म्हटलं, वहिनी, तुम्हाला काहीच करायचं नाही. रंभाजीभाऊ कुलूप लावतील, मोबाईल काठावर ठेवतील आणि खाली उतरतील. माणूस वर येईपर्यंत त्या मोबाईलला कुणी हात लावायचा नाही. नवीन ॲपचा भरवसा नाही, नुसतं बोट घासलं तरी काहीतरी उघडतं. एवढं एक पाळा.

तिने ते तीनदा म्हणून घेतलं. "मानूस वर येईस्तोवर हात लावायचा न्हाई." मग चहा टाकला. निघताना ओल्या भुईमुगाची पिशवी दिली, ती कल्याणनेच संपवली.

७ मार्च, शुक्रवार

सहावा रोजा. ऊन आतापासूनच चावायला लागलंय.

कंपनीने दोन पेट्यांची वॉरंटी नाकारली. सील फाटून परत चिकटवलेलं आहे म्हणे. मी शपथ घेतो की फेब्रुवारीपासून एकाही सीलला हात लावलेला नाही. मग गावातल्या पाच पेट्या जाऊन पाहिल्या. पाचपैकी चारांचं सील ब्लेडने कापलेलं, वरून सफाईने चिकटवलेलं. शेतकरी उघडत असणार, दुसरं कोण. आत काय सोनं ठेवलंय असं वाटतं लोकांना. पण या चारही विहिरींवर गेल्या महिन्यात आम्हीच काम केलं होतं, तेव्हा पेट्या नीट दिसल्या मला.

कल्याणला म्हटलं, तुला काही दिसलं होतं का रे? तो म्हणाला, "म्या तर खाली असतो." तेही खरंच आहे.

१५ मार्च

नवीन भानगड. मोटारी आपोआप चालू व्हायला लागल्यात. एकाच्या काढायला आलेल्या गव्हात दिवसभर पाणी सुटलं. त्याने दुकानात येऊन जे काही ऐकवलं ते रोज्याच्या दिवसांत लिहायला नको.

शोध शोध शोधलं तेव्हा 'अधिक', त्याच्यात 'पसंती', त्याच्यात तळाला एक बारीक ओळ सापडली. 'आपल्या सोयीसाठी ऑटो सुरू ठेवला आहे.' म्हणजे वीज आली आणि काही अडवणारं नसलं की मोटार आपली आपण चालू. आधी हा ऑटो ज्याला हवा तो स्वतः लावायचा. आता यांनी सगळ्यांचा लावून टाकला आणि कुणाला पत्ता नाही. जे दुकानात आले त्या एकोणीस जणांचा मी बंद करून दिला. बाकीचे येतील तसे करू.

अफ्रीन आली होती शनिवारची. शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अब्बा, ती चौकट आली की तुम्ही न वाचता ठीक आहे का दाबता?"

म्हटलं, प्रत्येक चौकट वाचत बसलो तर दुकान कधी चालवू. ती म्हणाली, मला एकदा दाखवा. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं.

३१ मार्च

ईद मुबारक. कल्याण सकाळीच आला, दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला. मलिकाने त्याच्या बायकोसाठी, ज्योतीसाठी, डबा भरून दिला. आज एकाही मोटारीबद्दल लिहिणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

जमेल तसं लिहितो.

मिरजगावच्या पश्चिमेला एक विहीर, पन्नास फूट. पाणी खाली गेलेलं आणि गाळ भयंकर. नऊ चाळीसला मी ॲपमध्ये कुलूप लावलं. कल्याण पेटीकडे जाऊन आला, मग खाली उतरला. तो नेहमीच उतरायच्या आधी पेटीकडे जातो, लघवीला जात असेल असं मला वाटायचं. नेहमी वीस मिनिटांत होतं, आज गाळामुळे वेळ लागला. मी काठावर दोर धरून बसलो होतो, मोबाईल मांडीवर.

दहा वाजून दहा मिनिटांनी मोबाईल थरथरला. कुलपाचं चित्र गेलं. फिका गोल गडद निळा झाला. 'मोटर सुरू'. आणि मागे पेटीत स्टार्टर खट्कन बसला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

खाली कल्याण कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हात मोटारीच्या जाळीत. त्या मोटारीची केबल दोन ठिकाणी जोडलेली आहे, जोड मीच मारलेत. मी बोंबललो. काय बोंबललो ते आठवत नाही.

खालून आवाज आला, "काय झालं?"

तो दोर धरून वर आला. चिखलाने भरलेला होता. काठावर बसला, गळ्यातली पिशवी उघडली आणि तीन फ्यूज माझ्यासमोर ठेवले.

म्हटलं, सील?

"बिलेडनं काडतो. तुमच्याच दुकानातलं फेविकॉल लावतो."

फेब्रुवारीपासून प्रत्येक विहिरीवर तो असंच करत आला होता. मला का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाला, "तुमी वराडला असता." मी त्याच्यावर वॉरंटीसाठी ओरडलो असतो, हे अगदी खरं आहे. मी तिथेच मातीत बसून रडलो. बावन्न वर्षांचा माणूस, पण लाज वाटली नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती.

घरी येऊन अफ्रीनला फोनवर ती चौकट वाचून दाखवली, तिने अर्थ सांगितला. कुलूप तीस मिनिटांनी आपोआप उघडतं. लोक कुलूप काढायला विसरतात म्हणून सोय. आणि ऑटो लावलेला असेल तर उघडल्याबरोबर मोटार चालू. हे पहिल्या दिवसापासून तिथे लिहिलेलं होतं. मी त्या दिवशी दहाच मिनिटं तपासलं.

कल्याण म्हणाला, "आजच सांगा समद्यांना."

त्याला म्हटलं, उद्या. त्रेचाळीस घरांना काय सांगणार, की मिस्त्रीने न वाचता शिकवलं? पुन्हा कोण दारात उभं करेल मला? आधी कंपनीकडून लेखी घेतो की चूक त्यांची आहे, मग सगळ्यांना एकदम सांगतो. तसंही लोक रोज थोडेच विहिरीत उतरतात. एका दिवसाने काय होतंय.

४ एप्रिल, शुक्रवार

हेल्पलाईनला सकाळी तीन तास गेले. त्यांचं म्हणणं, हा बिघाड नाही, सुविधा आहे. लेखी काही मिळणार नाही. तक्रार नोंदवली, नंबर दिला.

जुम्म्याची नमाज झाली पण मन लागलं नाही. व्हॉट्सॲपवर टाकलं तर निम्मे ऐकतच नाहीत, म्हणून चार वाजता फोन करायला बसलो. प्रत्येकाला एकच सांगितलं, कुलपावर विसंबू नका, फ्यूज काढा, सील फाटू द्या, वॉरंटी खड्ड्यात गेली. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं. अंधार पडेपर्यंत सव्वीस झाले. जवळची गावं आधी घेतली. रंभाजींना एकदा लावला, बंद होता, चार्जिंगला असेल. उद्या सकाळी पहिला त्यांनाच.

५ एप्रिल

रंभाजी गेले.

९ एप्रिल

कंपनीचा मेसेज आला. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

१४ एप्रिल, सोमवार

आज दहावा. जाऊन आलो. लिहिलं नाही तर हे माझ्या पोटातच सडेल, म्हणून पाच तारखेपासून लिहितो.

त्या सकाळी दुकान उघडायला उशीर झाला. आल्यावर एक गिऱ्हाईक आधीच उभं होतं, त्याला वाटेला लावलं. पहिला फोन रंभाजींना करायचा होता तो राहिला. साडेदहाला आठवलं म्हणून मोबाईल काढला, तर ॲपच्या यादीत त्यांच्या नावापुढे कुलपाचं चित्र. लावल्याची वेळ दहा वाजून बारा मिनिटं. घड्याळात दहा एकतीस झालेले. म्हणजे ते खाली होते आणि अकरा मिनिटं उरली होती.

फोन लावला. वाजला, पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. परत लावला. एकूण सात वेळा लावला. मधे सबस्टेशनला लावला की त्या भागाची लाईनच पाडा म्हणावं, तो व्यस्त. ॲपमधून बंद करायला गेलो. 'आपणास परवानगी नाही.' तेच परत परत दाबत राहिलो. दहा बेचाळीसला कुलूप गेलं आणि त्यांच्या नावापुढचा गोल गडद निळा झाला. दीड तासाच्या अंतरावरून मी तो बघत उभा होतो. कल्याण गाडी चालू करून दारात थांबलेला होता.

आज विधी उरकल्यावर लंकाबाई मला आणि कल्याणला घेऊन विहिरीपर्यंत आली. कल्याणच्या वस्तीत आज जयंतीची मिरवणूक, वर्षभर तो या दिवसाची वाट बघतो, तरी आला. ती काठावर बसली. रडून रडून आवाज बसलेला, पण बोलणं शांत होतं. पोलीस आले, पंचनामा झाला, शॉक लागून अपघात असं लिहिलं, सगळं सांगितलं. माझ्यावर तिचा राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "मिस्त्री, त्या येळंला तुमचा फोन येत हुता."

मी मान हलवली.

"हितंच ठिवला हुता मोबाईल, ह्या दगडावर. लई वाजला. तुमचा फोटू दिसत हुता, म्हून कळलं तुमचाच हाय. सारखा वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. खालनं हे म्हनले, कुनाचा हाय गं? म्या म्हनलं, मिस्त्रीचा. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, हात नगं लावू, वर आल्यावर बगू." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी सांगितलं हुतं, मानूस वर येईस्तोवर हात लावायचा न्हाई. म्या न्हाई लावला. बराबर केलं नव्हं म्या?"

कल्याण माझ्याकडे बघत नव्हता, विहिरीत बघत होता.

म्हटलं, बरोबर केलंत, वहिनी.

तिने मान हलवली. वाऱ्याने कांद्याच्या वाळत चाललेल्या पातीचा वास येत होता. मग उठता उठता म्हणाली, "येवड्यांदा फोन केला, काय काम हुतं तुमचं?"

सांगायचं ठरवूनच गेलो होतो. रस्ताभर मनात शब्द जुळवत होतो. माझी चूक, माझा एका दिवसाचा उशीर, सगळं तिच्यासमोर ठेवायचं होतं. पण ते सांगितलं तर तो फोन कशासाठी वाजत होता तेही सांगावं लागणार होतं.

म्हटलं, काही नाही वहिनी, सहज केला होता.